आण्णांच्या नावेची खडखड

आण्णांच्या फाउंड्रीत मी कामाला लागले, त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझी सर्टिफिकेटं बघितली नाहीत. डबा बघितला. ड्रॉइंग ऑफिसच्या कोपऱ्यात मी बिचकत डबा उघडला, तर हे गृहस्थ दारात उभे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन्सिल आणि बोटांना निळा रंग. डब्यात वाकून म्हणाले, "दोनच भाकऱ्या? श्रिंकेज धरलं न्हाईस व्हय?"

मी डिप्लोमावाली, मला श्रिंकेज ठाऊक होतं. लोखंड ओतल्यावर गार होताना आकसतं, म्हणून ज्या लाकडी नमुन्यावरून साचा घालायचा तो मुळातच थोडा मोठा करतात. मीटरला साधारण दहा मिलीमीटर. पण भाकरीला श्रिंकेज?

"भट्टीजवळ भूक वाढती आणि भाकरी आकसती," आण्णा म्हणाले. "उद्यापासनं तीन आण."

फाउंड्रीतला हा एवढासा नियम. आण्णांनी त्याच्यावर सगळा संसार उभा केला होता. दहाची मीटिंग ते पावणेदहाची सांगत. कुणाच्या पोरीच्या लग्नात शंभर पानांचा अंदाज निघाला की हे परस्पर आचाऱ्याकडे जाऊन एकशे वीसांचा भात टाकायला लावत. पुरात वाटायला ब्लँकेटं घेताना यादीपेक्षा एक गठ्ठा जास्त घेत आणि तो गठ्ठा प्रत्येक वेळी संपे. कुठल्याही कामाच्या आधी प्रश्न एकच, "श्रिंकेज धरलंय न्हवं?"

शामराव इंगवले हे त्यांचं नाव. कोल्हापूरशेजारी उचगावच्या फाट्यापुढं त्यांची फाउंड्री, पंपांची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग करणारी. कुणी मालक म्हटलं की चिडायचे. "मालक म्हशीचा असतोय, माणसाचा न्हाय," म्हणायचे. म्हणून सगळे आण्णाच म्हणत. आण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. लोक त्यांच्याविषयी बोलतात तेव्हा कारखानदार एक, डोळ्यांची शिबिरं घेणारा दुसरा, आणि चित्रं आणि शिडाची नाव यांच्यामागे फिरणारा खुळा तिसरा, अशी तीन माणसं असल्यासारखं बोलतात. मला तो एकच माणूस दिसतो. आणि त्या माणसापासून मी एक गोष्ट आठ वर्षं लपवली होती. ती शेवटी सांगून टाकली म्हणूनच आज हे लिहिताना माझा हात हलका आहे.

आधी चित्रांचं सांगते. रविवारी पहाटेच आण्णा पंचगंगेच्या घाटावर नाही तर रंकाळ्यावर जाऊन बसायचे. कागद आमच्या ऑफिसातलाच, रद्द झालेल्या ड्रॉइंगची पाठकोरी बाजू. सोमवारी ते चित्र कॅन्टीनच्या दोरीला चिमट्यानं अडकवायचं आणि सगळ्यांना विचारायचं. अट एवढीच, "चांगलं हाय म्हणणाऱ्याला चहा न्हाय. काय चुकलंय त्ये सांगा." चहासाठी का होईना, आमचे साचे घालणारे मोल्डर टीकाकार झाले.

एकदा आण्णांनी घाटावरच्या म्हशी काढल्या होत्या. तुकाराम मोल्डर बराच वेळ बघत राहिला.

"आण्णा, ही मधली म्हस उभारलीया का पवतीया?"

"पवतीया की."

"मला तर एस्टीची वाट बघत उभारल्यागत दिसतीया."

कॅन्टीन हसून लोळलं. आण्णांनी तुकारामला दोन चहा पाजले आणि दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन म्हशींच्या पायांकडे तासभर टक लावून बसले. म्हशीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. परत आल्यावर म्हणाले, "जमिनीवरचा पाय कळला. पाण्यातला काय कळंना." त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्या चित्रातल्या म्हशी पायांपुढं लव्हाळं आडवं घेऊन पोहत होत्या.

नावेचं वेड त्यांना कॉलेजात असताना मुंबईत लागलं होतं. शिडाची नाव, नुसत्या वाऱ्यावर चालणारी. कोल्हापूरला समुद्र नाही हा देवाच्या ड्रॉइंगमधला दोष आहे, असं त्यांचं ठाम मत. साठी उलटल्यावर एक दिवस त्यांनी जाहीर केलं की नाव आपण आपल्याच पॅटर्न शॉपमध्ये, साच्यांचे लाकडी नमुने होतात तिथं, करायची. "अर्ध्या मिलीमीटरला हुज्जत घालणारी माणसं हितं बसल्यात, आणि मी नाव इकत आणू?"

त्या माणसांतले पहिले बाबालालचाचा. आमचे पॅटर्नमेकर, पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल. लाकडावरून अंगठा फिरवून त्याची शीर सांगायचे. मला बेटी म्हणायचे. शॉपमध्ये मी एकटीच बाई, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले, आणि मला काम शिकवायचं मनापासून मनावर घेतलेला माणूस म्हणजे चाचा.

शॉपच्या भिंतीवर दोन खिळे होते. डावीकडे साधी पट्टी आणि उजवीकडे श्रिंकेजची, जिच्यावरचे आकडे त्या दहा मिलीमीटरच्या हिशेबानं मुळातच ताणून कोरलेले असतात. ओळखू यावी म्हणून तिच्या टोकाला लाल रंग दिलेला. साध्या पट्टीवर कायम धूळ, कारण आमच्याकडे ती कुणी घेतच नसे. आमच्या शॉपमध्ये साधी पट्टी हातात घेणं हीच चूक. नावेचं प्लायवूड बाकावर आलं, चाचा म्हणाले, "बेटी, पट्टी दे." आणि माझा हात सवयीनं उजव्या खिळ्याकडे गेला.

नाव काही ओतायची नव्हती. लाकूड काही आकसणार नव्हतं. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चाचांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदूचं धुकं सुरू झालेलं. आकडे ते नाकाजवळ धरून वाचत, पण तळहातात दडलेलं लाल टोक त्यांना दिसलं नाही. तीच पट्टी महिनाभर बाकावर राहिली, रोजचीच म्हणून कुणाला खटकली नाही, आणि तिच्यावरून सगळी नाव झाली.

नाव वाऱ्यानं आडवी वाहत जाऊ नये म्हणून तिच्या पोटातल्या फटीतून एक लोखंडी पात खाली पाण्यात सोडतात. ती पात बाहेरच्या वर्कशॉपनं ड्रॉइंगप्रमाणे करून आणली. चाचांनी ती फटीत सोडली आणि ती खडखडली. चपखल बसायला हवी होती, ती घंटेच्या लोलकासारखी पुढंमागं हलत होती. चाचांनी खिशातला टेप काढून फट मोजली, पुन्हा मोजली आणि खाली बसले.

"आण्णा, माझ्याच हातनं झालं. डोळं गेलं आता माझं."

डोळ्यांत आधीच धुकं असलं की माणूस पट्टीवर शंका घ्यायच्या आधी स्वतःवर घेतो. आण्णा त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. "चाचा, नाव हाय, इमान न्हाय. तरंगली की झालं."

संध्याकाळी बाकावरची पट्टी मी खिळ्याला अडकवायला गेले आणि टोक लाल दिसलं. चाचा अजून हात धूत होते, पाच पावलांवर. मी पट्टी उजव्या खिळ्याला अडकवली. बाईच्या हातात पट्टी दिली की असंच व्हायचं, हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. उद्या सांगू म्हटलं. उद्या म्हणता म्हणता आठ वर्षं गेली.

चाचा त्यानंतर कामावर येत राहिले, लाकूड घासत, पॉलिश करत, पण पट्टी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. माप दुसऱ्याला घ्यायला लावायचे. आण्णांनी पंधरा दिवसांत पॅटर्न शॉपमधली बाकं भिंतीला लावून डॉक्टर आणले. डोळ्यांचं पहिलं शिबिर झालं ते असं. पहिले पेशंट बाबालालचाचा. मग बातमी पसरली आणि दर वर्षी राधानगरीकडून, पेठ वडगावकडून एस्टी भरभरून म्हातारी माणसं येऊ लागली. आण्णा वाढायला स्वतः उभे राहत आणि डोळ्यांवरची पट्टी सुटलेल्या प्रत्येकाला कॅन्टीनमध्ये नेऊन आपलं चित्र दाखवत, काय चुकलंय ते विचारत. वडगावची एक आजी चित्र बघून म्हणाली, "दिसाय लागलं म्हणून काय काय बघायला लागतंय बाबा." आण्णा तिचं वाक्य जो भेटेल त्याला सांगत सुटले.

चाचांना स्वच्छ दिसू लागलं, तेव्हा आण्णांनी पट्टी त्यांच्या हातात ठेवली. "आता घ्या माप."

चाचांनी ती परत खिळ्याला अडकवली. "नगं आण्णा. डोळं दिलंसा, पर भरोसा गेला त्यो गेला."

मी दोन टेबलं सोडून ड्रॉइंगवर मान घालून बसले होते. काय काढत होते, आठवत नाही.

नाव रंकाळ्यात उतरली तेव्हा काठावर ही गर्दी. एक जण ओरडला, "पावणं, नावंला पडदा कशाला? आत कोन हाय?" आण्णा ओरडले, "वारा हाय आत!" मुंबईहून आणलेलं शीड अर्थातच चार बोटं आखूड पडलं, कारण डोलकाठीही त्याच पट्टीची. त्याच सुमारास कामगारांनी फाट्यावर आण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला होता. आण्णांना फ्लेक्सचा संताप. त्यांनी तो रातोरात उतरवला, त्याची एक पट्टी कापून शिडाच्या खाली शिवली आणि उरलेल्या फ्लेक्सचं नावेवर घालायचं पांघरूण केलं. म्हणून आण्णांची नाव रंकाळ्यावर फिरायची ती शिडाच्या तळाला 'समस्त मित्र परिवार' घेऊन.

परवानग्या काढून ते दर रविवारी नाव सोडायचे. कारखान्यातले पाच-सहा जण काठावर जायचे, मीही जायचे. सगळ्यांना शीड दिसायचं. मला फक्त ती पात ऐकू यायची. खड, खड, खड. लाट आली की खड. आण्णांना तो आवाज आवडायचा, म्हणायचे नाव बोलती. काय बोलते ते मला ठाऊक होतं.

मग तो पावसाळा आला, ज्यात नदीनं कुणाचं काही ठेवलं नाही. नदीकाठच्या गावात माझी आक्कामावशी घराच्या माळ्यावर अडकली होती. सरकारी बोट दोनदा येऊन गेली, ही हलेना. खाली ओट्यावर पोटापर्यंत पाण्यात तिची चंद्री म्हैस उभी होती आणि तिला सोडून मावशी येणार नव्हती. मी आण्णांना फोन केला. तासाभरात टेम्पोवर नाव घालून ते गावाच्या कडेला हजर, सत्तरी गाठलेला माणूस. त्यांनी डोलकाठी काढली, पात काढली, वल्ही लावली. मावशी फक्त माझं ऐकेल म्हणून मी सोबत जायचं ठरलं.

नावेत पाय टाकायचा आणि माझा पाय उचलेना.

"आण्णा, थांबा. ह्या नावंची मापं चुकल्यात."

"मला काय ठाऊक न्हाय व्हय? खडखडती की."

"चाचांनी न्हाय चुकवली. श्रिंकेजच्या पट्टीनं झालीया नाव. ती पट्टी मी दिलती."

दोर सोडणारे त्यांचे हात थांबले. पाऊस त्यांच्या भुवयांवरून गळत होता. "म्हंजे आख्खी नाव मीटरला दहा मिलीमीटर मोठी?"

"व्हय."

"सगळीकडं सारखी?"

"व्हय."

"मग तरंगायला काय धाड भरलीया तिला?" म्हणून ते हसायला लागले. शीड आखूड का पडलं, पात का हलते, सगळं एकदम उलगडलं असणार. पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "आनि चाचा?"

मी त्यांच्या हातातला दोर घेऊन स्वतः सोडवायला लागले.

"आठ वर्सं त्यो मानूस पट्टीला शिवला न्हाय. आनि तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बारा महिने थट्टा करणारा तो चेहरा तसा मी आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. ते म्हणाले, "बस नावंत. आधी मावशी. मग चाचा."

मावशी माळ्याच्या खिडकीतून ओरडली, "मी हितनं हालत न्हाय! चंद्रीला घ्या, मग मी!"

आण्णा वल्ही थांबवून शांतपणे म्हणाले, "मावशी, नाव दीड इंच मोठी झालीया खरी, पर म्हशीएवढी न्हाय झाली. चंद्रीला पवता येतंय. तुमाला येतंय काय?"

मावशी विचार करून उतरली. आम्ही तिच्या अंगावर फ्लेक्स पांघरला. तिच्या पाठीवर आण्णांचा हसरा चेहरा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. चंद्रीचं दावं सैल करून मागे धरलं आणि ती खरोखर पोहू लागली. नुसतं नाक आणि शिंगं वर. निम्म्यात आल्यावर आण्णांनी वल्ही माझ्याकडे दिली, मागे वाकले आणि म्हशीच्या खांद्यावर हात ठेवला. तसेच राहिले.

"पाय दिसत न्हाय गं, पर खांदा सांगतोय की सगळं! मी येड्यागत पाय हुडकत बसलो."

"ओ पावणं," फ्लेक्समधून मावशी कडाडली, "म्हशीकडं काय बघतायसा? माझ्याकडं बघा!"

मावशी कोरड्या जमिनीवर लागली, चंद्री लागली, आणि आण्णांनी मला चिखलाच्या पायांनी थेट चाचांच्या घरी नेलं. दारात आल्यावर मात्र आत आले नाहीत. "तू जा," म्हणाले आणि पायरीवर बसून पाय धुऊ लागले. दोन पाय धुवायला कुणाला इतका वेळ लागलेला मी बघितलेला नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. चाचा खाटेवर बसून ऐकत होते. मध्ये एकदाच विचारलं, "लाल टोकाची?"

"व्हय."

मग ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. फट इतकी, तिला इतकं. डोलकाठी इतकी, तिला इतकं. पुटपुटता पुटपुटता त्यांचा आवाज चढत गेला. "बरोबर हाय! आगं, समदं बरोबर हाय! मी कापल्यालं लाकूड बरोबर हाय!" आणि आत सुनेला हाक मारली, "सलमा, चा टाक! माझी नजर चुकली न्हवती!"

मी रडायला लागले. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तवाच सांगितलं असतंस तर येक दिस बोललो असतो तुला, बेटी. येकच दिस."

याच्याइतकं मला आयुष्यात काही लागलेलं नाही. आणि तरीही सांगते, त्या क्षणी छातीवरचा धोंडा उतरला. मला भूकसुद्धा लागली. बाहेरून आण्णांचा आवाज आला, "चाचा, रडून झालं असंल तर चा द्या. आमी भिजलोय." चहाबरोबर त्यांनी माझी शिक्षाही सांगितली, इथून पुढं दर रविवारी नावेतलं पाणी मी उपसायचं.

पाणी ओसरल्यावर एक दिवस चाचा सकाळीच शॉपमध्ये आले. डाव्या खिळ्यावरची साधी पट्टी काढली, फुंकर मारून धूळ उडवली, टोक डोळ्यांसमोर धरून बघितलं आणि मग माझ्यापुढं धरलं. "बघून घे बेटी." मी बघितलं. लाल नव्हतं. त्यांनी नावेतल्या पातीच्या फटीत आतून लावायला सागवानाच्या दोन पातळ चिपा आखल्या, कापल्या आणि बसवल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या कामात असल्याचं सोंग करत होते, आण्णासुद्धा.

सोमवारी कॅन्टीनच्या दोरीला नवं चित्र होतं. गढूळ पाणी, नावेची मागची कड, आणि पाण्यातून वर आलेला म्हशीचा खांदा. लव्हाळं नाही. तुकाराम मोल्डरनं बराच वेळ बघून घेतलं. "आण्णा, आता पवतीया." चांगलं म्हणणाऱ्याला चहा नाही, हा नियम त्या दिवशी मोडला. आण्णांनी स्वतः किटली उचलली.

हिवाळ्यात एका पहाटे आण्णा झोपेतच गेले. शिबिर तोंडावर आलं होतं. ते झालं, आणि जेवण त्यांनी आधीच यादीपेक्षा वीस माणसांचं जास्त सांगितलेलं होतं, तेही संपलं.

मला आठवतात ते जायच्या आदल्या रविवारचे आण्णा. रंकाळ्यावर ऊन नुकतं वर आलं होतं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून नाव उपसली आणि सोडून दिली. पुढं चाचा बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा नावेत, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. मागे सुकाणू धरून आण्णा.

"आण्णा, ह्यो वारा परत आणून सोडतोय न्हवं?" चाचा विचारत होते.

"आणतोय. न्हाय आणलं तर वल्ही घेतल्यात. श्रिंकेज धरलंय की!"

शिडात वारा भरला, 'समस्त मित्र परिवार' ताठ झाला आणि नाव कलून पुढं निघाली. एक लाट आली, दुसरी आली. आठ वर्षांच्या सवयीनं माझे कान आपोआप तिकडे लागले. दोन म्हातारे कशावरून तरी हुज्जत घालत होते, ते लांबपर्यंत ऐकू येत होतं. बाकी काही नाही. पात गप्प होती.